एका घरी एकदाच

आमदाराचा पीए म्हटला की लोकांना वाटतं, हा सकाळी उठून बदल्या करत असेल, ठेकेदारांना भेटत असेल. मी सकाळी उठून कोण मेलं ते बघायचो. साडेपाचला पहिला चहा आणि चहाबरोबर फोन. गावोगाव आमची माणसं ठरलेली होती आणि त्यांना माझे प्रश्नही ठरलेले: कोण गेलं, दहावा कधी, घरात मतं किती, सोयरे कुठल्या गावचे. हे सगळं डायरीत उतरवून घ्यायचं आणि साडेसहाच्या आत भाऊंच्या गाडीचा रस्ता ठरवायचा. आमच्या आमदारांना सगळा मतदारसंघ भाऊच म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

नाशिकच्या आमच्या भागात दहावा आता घरातल्यांपुरता राहिलेला नाही. नदीकाठी मंडप, खुर्च्या, स्पीकर, महाराजांचं प्रवचन, आणि मग कावळा पिंडाला शिवेपर्यंत पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. कुठला पुढारी आला, कितव्या नंबरला बोलला, मेलेल्या माणसाबद्दल त्याला खरंच काही माहीत होतं का, हे सगळं गाव लक्षात ठेवतं. तिथे मत मागायचं नसतं, फक्त दिसायचं असतं. भाऊ सात निवडणुका लढले आणि पाच जिंकले. तीन पक्ष बदलले. पेपरवाले जिंकण्याचं श्रेय कधी बंधाऱ्यांना द्यायचे, कधी जातीच्या गणिताला. मला विचाराल तर ते दहाव्यांचं श्रेय आहे, म्हणजे थोडंफार माझंही. हे अभिमानानं सांगत नाही. एके काळी अभिमान होता, एवढं मात्र खरं.

प्रत्येक दहाव्याला मी भाऊंच्या हातात एक चिठ्ठी द्यायचो. तळहाताएवढा कागद, त्यावर तीन ओळी. नाव, मुलंबाळं, आणि एखादी अशी गोष्ट की ती ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतील. 'गावातल्या पहिल्या द्राक्षबागेची लागण यांनी केली.' 'शाळेला खोलीपुरती जागा दिली.' भाऊ गाडीतून उतरता उतरता चिठ्ठी वाचत आणि माइकसमोर उभे राहिले की असं बोलत, जणू मेलेला माणूस त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. ही कला मात्र त्यांची स्वतःची.

दुसरी निवडणूक आम्ही हरलो, तेव्हा मी आणखी एक गोष्ट सुरू केली. डायरीच्या मागच्या पानांवर आजारी माणसांची यादी. कोणाला नाशिकच्या दवाखान्यातून घरी पाठवलंय, कोणाचं अन्न सुटलंय. गेल्यानंतर धावपळ नको, चिठ्ठीचा मजकूर आधीच गोळा झालेला बरा, म्हणून. त्या पानांवर मी 'अत्यवस्थ' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि त्याच वेळी एक नियमही केला: एका घरी एकदाच. आजाऱ्याला भेटायला जायचं नाही. आजारी माणूस बोलत बसतो, काहीतरी मागतो, तासभर जातो. आणि पंधरा दिवसांनी दहाव्याला त्याच घरी परत जावंच लागतं. नियम ऐकून भाऊ हसले होते. "डोकं आहे तुला," म्हणाले होते. मला पुढे कित्येक दिवस ते कौतुक पुरलं.

भाऊंच्या शेवटच्या निवडणुकीच्या तोंडावर, आचारसंहिता लागायला चार-पाच दिवस असताना, त्या पानावर बापूंचं नाव चढलं.

बापू म्हणजे आमचा सगळ्यात जुना कार्यकर्ता. पिंपळगाव बसवंत मागे टाकून आत गेलं की त्यांचं गाव. पहिल्या निवडणुकीत आमच्याकडे एकच जीप होती आणि ती बापू चालवायचे. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासमधून नुकताच बाहेर पडलेला, मतदारयाद्या मांडीवर घेऊन मागे बसायचो. भाऊ पुढे. तिघांनी मिळून तो मतदारसंघ असा काही पिंजून काढला की रस्त्यातले खड्डेसुद्धा आम्हाला तोंडपाठ झाले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, जीप बापूंच्याच गावाच्या वेशीजवळ आली. समोरच्या पार्टीचा एक माणूस शाळेच्या भिंतीवर आमच्या पोस्टरवर त्यांचं पोस्टर चिकटवत होता. एकटाच होता. खळीच्या बादलीवर वाकलेला. भाऊंचं डोकं त्या काळी फार लवकर फिरायचं. त्यांनी सीटखालची टॉमी काढली, जॅक फिरवायची लोखंडी दांडी असते ती, आणि जीप थांबायच्या आत खाली उडी मारली. मागून जाऊन त्याच्या गुडघ्यावर दोन घाव घातले. तो तोंडावर पडला आणि ओरडत राहिला. कोणी मारलं हे त्याला दिसलंच नाही.

भाऊ परत आले. बापूंनी त्यांच्या हातातून टॉमी घेतली आणि म्हणाले, "भाऊ, गाडी तुम्ही घ्या. मी जातो चौकीत. तुमचं नाव आलं तर उद्यापासून सगळंच संपलं." एवढंच. कोणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. कोणी नकोही म्हणालं नाही.

भाऊ त्या खेपेला निवडून आले. बापू दीड वर्षासाठी तुरुंगात गेले. कोर्टात साक्षीदार म्हणून मला उभं केलं होतं. मी शपथ घेऊन सांगितलं की बापूंनी त्या माणसाला मारलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बापू आरोपीच्या जागेवरून माझ्याकडे बघून मान हलवत होते, मास्तर पाठांतर म्हणणाऱ्या मुलाला धीर देतात तसे.

ज्याचा गुडघा गेला तो त्याच गावातला, बापूंच्या दोन घरं पलीकडे राहणारा. गाव त्याला नाना म्हणतं. तो पुढे काठी टेकतच चालला. बापू सुटून आले आणि काही न बोलता राहू लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हो, मीच मारलं." बायकोलाही तेच सांगितलं. मरेपर्यंत ती तेच खरं मानत राहिली. मुलगा तेव्हा दुसरी-तिसरीत होता. शाळेत पोरं त्याला काय काय म्हणायची ते मी ऐकून आहे. त्याला रोज शाळेत जाताना नानांची काठी दिसायची. मोठा झाल्यावर त्यानं काय करावं? दर ऑक्टोबरात, आपल्या बागेच्या आधी, तो नानांच्या बागेची छाटणी करायला लागला. मजुरी घ्यायचा नाही. बापाशी मात्र कामापुरतं बोलायचा, तेही तोंड फिरवून. बाप आणि मुलगा एका घरात वीस वर्षं तसे राहिले.

बापूंचं लिव्हर गेलं होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि घरी आल्यावर त्यांनी मला फोन लावला. आवाज ओळखू येत नव्हता.

"पीए साहेब, भाऊंना पाच मिनटं आणा. मला काय नको. पोराच्या समोर एकदा बोलूद्या, का त्या दिवशी तुझ्या बापानं हात उचलला नव्हता."

मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाही का त्याला?"

"सांगितलं ना. तर म्हणतो, मरताना तरी खोटं बोलू नका." मग स्वतःच म्हणाले, "त्याचं तरी काय चुकलं. इतके वर्षं मीच तर सांगत होतो."

मी भाऊंना गाडीत सांगितलं. मालेगावकडून एका बैठकीहून आम्ही परत येत होतो, महामार्गावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. भाऊ बाहेर बघतच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात फॉर्म भरायचा आहे." फॉर्मसोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, त्यात उमेदवारावरचे गुन्हे लिहावे लागतात. भाऊंवर एकही नव्हता आणि ते प्रत्येक सभेत ते सांगायचे. ट्रॅक्टर हलले तेव्हा ते परत बोलले, "दहाव्याला जाऊच की आपण."

त्यांना काय दोष देऊ? नियम माझाच होता.

बापूंना मी सांगितलं, मंगळवारी येतो. मंगळवारी कळवणला एक मेळावा निघाला. मग शनिवारी म्हणालो. शनिवारी त्यांचा फोन आला, तो मी उचलला नाही. रविवारी उचलला.

"भाऊ नाय येत ना?" ते म्हणाले. "ऱ्हाऊद्या. मग तुम्हीच या. तुम्ही बी होते की जीपमधी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या फोनपासून मला तेच वाटत होतं, आणि म्हणूनच मी भाऊंच्या वेळेमागे लपत होतो. भाऊ येत नाहीत म्हणजे सत्य येत नाही, असं थोडंच होतं. ते माझ्याकडेही होतं. पण मी खरं बोललो की कोर्टातली शपथ खोटी ठरते, भाऊ जातात, भाऊ गेले की माझी तीस वर्षं जातात, आणि तीस वर्षांनी दुसरं काय येतं मला? मला कोणी धमकावलं नव्हतं. हे सगळं माझं मीच मला समजावत होतो.

तरी मी गेलो. सोमवारी दुपारी, एकटा, मोटरसायकलवर. वाटेत ठरवून टाकलं होतं की सांगायचं. शब्दही जुळवले होते.

बापू पुढच्या खोलीत खाटेवर होते. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मुलानं मला खुर्ची दिली. चाळिशीला आलेला माणूस तो, छाटलेल्या काड्यांना लावतात त्या पेस्टनं बोटं रंगलेली. नुकताच नानांच्या बागेतून आला होता. त्यानं स्वतः चहा करून आणला आणि ट्रे हातात घेऊन उभाच राहिला.

बापूंनी त्याला म्हटलं, "थांब. जाऊ नको." मग माझ्याकडे वळले. "सांगा, पीए साहेब."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं होतं राग असेल, तसं असतं तर बरं झालं असतं. त्याला ऐकायचं होतं. तीस वर्षं ज्या गोष्टीची लाज वाटली ती खोटी निघावी असं त्याला आतून वाटत होतं, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

मी चहाचा घोट घेतला. चहा फार गोड होता. मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट झाली, बापू. आता कशाला त्रास करून घेता. आराम करा."

बापू भिंतीकडे वळले. वळायलाही त्यांना मुलाची मदत लागली. मुलानं त्यांची उशी सारखी केली, माझ्या हातातला कप घेतला आणि मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ते असंच बोलतात आजकाल. डॉक्टर म्हणले, डोक्यावर परिणाम होतो या आजारात. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मी मोटरसायकलला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली, तोपर्यंत तो उभा होता.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला फोन आला. बापू गेले. डायरीत मागच्या पानावरचं नाव खोडून मी पुढच्या पानावर घेतलं आणि दहाव्याची तारीख लिहिली. हाताला सवय असते.

दहाव्यापर्यंत मी नीट झोपलो नाही. आदल्या संध्याकाळी चिठ्ठी लिहायला बसलो. नाव लिहिलं. एक मुलगा, सून, दोन नातवंडं. तिसरी ओळ येईना. पाहिजे तर 'निष्ठावंत कार्यकर्ता' लिहून मोकळं होता आलं असतं, भाऊंनी ते पाच मिनिटं फुलवलं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या संध्याकाळी मला थोडं शौर्य आलं. फार नाही, चिठ्ठीत मावेल एवढं. मी लिहिलं: 'पहिल्या निवडणुकीत भाऊंसाठी तुरुंगात गेले.' मला वाटलं, 'भाऊंसाठी' हा शब्द भाऊंच्या तोंडून मंडपात गेला तरी पुरे. मुलगा हुशार आहे, तो उरलेलं समजून घेईल.

नदीकाठी गर्दी होती. निवडणूक तोंडावर, त्यामुळे विरोधी उमेदवारही आला होता, आमच्या आधी. नाना काठी टेकत येऊन पुढच्या रांगेत बसले होते. भाऊ गाडीतून उतरले, चिठ्ठी वाचली, तिसऱ्या ओळीवर थांबले. माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली, एवढंच.

माइकसमोर ते आधी बापूंच्या जीपबद्दल बोलले. मग आवाज खाली आणला. म्हणाले, "माणूस म्हटला की चूक होते. तरुण रक्त होतं. पहिल्या निवडणुकीत माझ्यावरच्या प्रेमापोटी बापूच्या हातून एक गोष्ट घडली. नाना इथे बसले आहेत, त्यांची मी आज सगळ्या गावासमोर माफी मागतो. बापूच्या वतीनं मागतो. लोकांनी मला तेव्हा सांगितलं, भाऊ, या माणसाला दूर करा. मी म्हणालो, नाही. चुकला असेल, पण माझा आहे. शेवटपर्यंत मी त्याला अंतर दिलं नाही."

आणि खाली उतरून त्यांनी नानांच्या पायाला हात लावला. ज्या गुडघ्यावर स्वतः घाव घातले होते, त्याच पायाला. नाना रडायला लागले. अर्धा मंडप रडला. विरोधी उमेदवार खुर्चीत चुळबुळ करत होता. त्याला कळून चुकलं होतं की हे गाव हातचं गेलं. मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. मी काही लिहिलं नसतं तर हे काहीच झालं नसतं. बापूंचं खोटं त्यांच्याबरोबर जळून गेलं असतं. माझ्या एका ओळीनं ते पाचशे माणसांपुढे कायमचं खरं झालं.

मुलगा उठला. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर ओला पंचा. तो सरळ भाऊंकडे आला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "माझ्या बापाला तुम्ही सांभाळून घेतलं, भाऊ. आम्हाला माहीतच नव्हतं." भाऊंनी त्याला उठवून छातीशी धरलं. त्याच वेळी कावळा शिवला. बाया म्हणाल्या, आत्मा सुटला.

परतीच्या गाडीत भाऊ मला एकच वाक्य बोलले. "त्या पोराला बूथ दे. चांगला आहे."

मी दिला. बापू ज्या बूथवर पाच निवडणुका बसले, तो. मुलानं मतदानापर्यंत जीव तोडून काम केलं. सुतक फिटल्यापासून घरी जेवायलाही जात नव्हता म्हणे. मतदानाच्या सकाळी मी बूथांची पाहणी करत त्यांच्या गावी पोचलो. शाळेपासून ठरलेल्या अंतरावर त्यानं टेबल मांडलं होतं, याद्या गल्लीप्रमाणे लावल्या होत्या, मतदारांच्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवल्या होत्या. नानांना त्यानं मोटरसायकलवरून आणलं होतं आणि हाताला धरून केंद्राच्या दारापर्यंत पोचवून आला होता. त्याच्या डोक्यावर केस जेमतेम उगवले होते.

समोरच्या टेबलावर दुसऱ्या पार्टीची पोरं जरा आवाज चढवत होती. मी तिकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काळजी करू नका, पीए साहेब. माझ्या वडिलांनी केलं तसं काही माझ्याकडून होणार नाही."

मी त्याला शाब्बास म्हणालो आणि पुढच्या बूथकडे निघालो.